पाव विकायला पाव वॅट पुरे

आमचे अप्पा गेली २२ वर्षं वाड्या-वस्त्यांवर खारी, बटर, टोस्ट आणि पाव विकतात. आधी सायकल होती, २००९ पासून १०० सीसीची मोटरसायकल आहे. पहाटे पाचला तालुक्याच्या बेकरीतून माल उचलायचा, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे, वर पावाचा क्रेट, आणि साडेसहाला पहिल्या वाडीत हजर. अकरा वाड्या करून साडेदहापर्यंत घरी. वाडीच्या तोंडाशी गाडी बंद करून ते एकच हाक द्यायचे, "खाऽऽरी बटऽऽर, टोस्ट पाऽऽव!" तेवढ्यावर माणसं डबे-पातेली घेऊन बाहेर यायची.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, त्यांचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून हळद-दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या सगळं करून झालं. भाऊबीजेला आत्या आली तेव्हा तिच्याशी बोलताना त्यांच्या घशातून नुसती हवा येत होती. मी पुण्यात एका कंपनीत अकाउंट्स बघते. सुट्टी वाढवली आणि १४ नोव्हेंबरला त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दुर्बिणीतून पाहिल्यावर दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर गाठी दिसल्या. डॉक्टरांनी पहिलं वाक्य हेच सांगितलं की या कॅन्सरच्या नाहीत, वर्षानुवर्षं ओरडून आलेल्या आहेत. त्या वाक्यानंतर मी खुर्चीवर नीट टेकले.

तीन आठवडे पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही, कारण कुजबुजतानाही स्वरयंत्रावर ताण येऊ शकतो. (हे मला माहीत नव्हतं. घरात कुणाचा आवाज गेला की आपण त्याला "कुजबुजून बोल" म्हणतो, तेही चुकीचंच.) नंतर वाचा-उपचार. हाका मारणं मात्र कायमचं बंद.

अप्पांनी फेरी सोडली नाही. गळ्यात पाटी अडकवली, गाडीचा हॉर्न वाजवून पाहिला. हॉर्न ऐकून कुणी बाहेर येत नाही, उलट रस्त्यातली माणसं बाजूला होतात. घंटी लावली तर पोरं कुल्फीवाला समजून धावत आली आणि हिरमुसून परत गेली. रोजची चौदा-पंधराशेची विक्री आठ-नऊशेवर आली. उरलेला पाव दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ठरवलं की गाडीवर छोटा भोंगा आणि ॲम्प्लिफायर बसवायचा. पुढचे दोन महिने त्यातच गेले. वस्तू विकत घ्यायला एक दिवस लागला, पण किती आवाज, कुठलं बटण कुठे, कोणती तार कुठल्या स्क्रूला हे समजायलाच खरा वेळ गेला. म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

परवानगी

सुरुवात इथूनच करा, खरेदीपासून नको. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे आहेत आणि त्यांत स्पष्ट आहे की लेखी परवानगीशिवाय लाउडस्पीकर लावता येत नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर बंदी. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं. माझी समजूत होती की हे सगळं डीजे आणि मंडपवाल्यांसाठी आहे. पण गाडीवरचा एक भोंगासुद्धा लाउडस्पीकरच.

१६ डिसेंबरला मी पोलीस ठाण्यात गेले. हे काम गोपनीय विभागाकडे असतं, तिथल्या हवालदारांनी अर्ज वाचला.

"कार्यक्रम कुठला?"

"कार्यक्रम नाही साहेब, खारी-बटरची फेरी आहे. वडिलांचा आवाज गेलाय." मी डॉक्टरांचा कागद पुढे केला.

त्यांनी तो शांतपणे वाचला. म्हणाले, "रोजची फेरी म्हणजे मार्ग लागेल. वाडीवार, वेळेसकट लिहून आणा. आणि ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतून जाता त्यांचे ना हरकत दाखले जोडा."

अप्पांच्या अकरा वाड्या तीन ग्रामपंचायतींत येतात. ग्रामसेवक कुठल्या वारी कुठल्या गावात असतात हे आधी फोन करून विचारा. मी न विचारता गेले आणि एक हेलपाटा फुकट गेला. तिसरा दाखला ९ जानेवारीला मिळाला. त्याच दिवशी पूर्ण अर्ज दिला. त्यासोबत आधारची प्रत, गाडीच्या आरसी बुकची आणि विम्याची प्रत, पीयूसी, डॉक्टरांचा कागद, मार्गाचा तक्ता आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका. पुढच्या प्रत्येक चौकशीला तोच नंबर विचारतात.

परवानगी २८ जानेवारीला हातात आली. मुदत ३० दिवसांची, नूतनीकरण करता येईल. अटींमध्ये सकाळी साडेसहाच्या आधी भोंगा नाही, शाळा आणि आरोग्य केंद्रापासून १०० मीटरच्या आत बंद, तक्रार आली तर लगेच बंद, आणि कागदाची प्रत गाडीवर. आम्ही ती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सीटखाली ठेवली आहे.

गाडीच्या बाबतीत एक काळजी घेतली. कुठेही भोक पाडलं नाही, वेल्डिंग केलं नाही. भोंगा कॅरिअरला क्लॅम्पने धरला आहे, चार नट काढले की गाडी होती तशी.

पहिली खरेदी आणि जळलेली कॉइल

अर्ज फिरत होता तोवर, ११ जानेवारीला, शहरातल्या एका दुकानातून सामान घेतलं. १२ व्होल्टवर चालणारा ३० वॅटचा ॲम्प्लिफायर (पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथसकट) ३,२०० रुपये, छोटा भोंगा आणि त्याचं युनिट (मागचा भाग, ज्यातून आवाज निघतो) १,२५० रुपये. दुकानदाराने तारा जोडूनच दिल्या. "इथे लावलं की सगळ्यात जास्त आवाज," म्हणाला. बॅटरीची तार गाडीच्या बॅटरीलाच जोडायला सांगितलं.

परवानगी यायची होती, म्हणून चाचणी गावाबाहेर आमच्या पडीक रानात, संध्याकाळी. मी फोनवर "खारी बटर" रेकॉर्ड करून लावलं. जे बाहेर आलं ते ऐकून आई म्हणाली, "हा तर भंगारवाला." आवाज मोठा होता, पण घुमत होता, शब्दांना कडा नव्हत्या. गाडी चालू केली की मागून बारीक शिट्टीसारखा "कुंईऽऽ" आवाज, ॲक्सिलरेटर पिळला की तो चढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ स्टार्ट मेला, अप्पांनी किक मारून गाडी काढली.

तिसऱ्या संध्याकाळी आवाज कमी वाटला म्हणून मी बेसचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि व्हॉल्यूम वाढवला. भोंग्यातून फरफर झाली, जळल्याचा वास आला, आणि एकदम शांतता. ॲम्प्लिफायरला हात लावला तर चटका बसला. चार हजार चारशे पन्नास रुपये तीन दिवसांत घालवले, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. अप्पांनी पाटीवर खडूने लिहिलं, "दुरुस्त होईल." ते बोलू शकत नव्हते आणि धीर मलाच देत होते.

तात्यांच्या दुकानात

शेजारच्या गावात एक साउंडवाले आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. लग्नं, जत्रा, भजनी मंडळं, तीसेक वर्षांचं काम. मी जळकं सामान घेऊन गेले. त्यांनी भोंग्यामागचं युनिट फिरवून काढलं, चार स्क्रू सोडले आणि आतली चकती माझ्या तळहातावर ठेवली. पापडाहून पातळ घुमटी, तिला चिकटलेली केसाएवढ्या तारेची गोल कॉइल. कॉइल एका बाजूने काळी पडून सुटली होती आणि घुमटीला बारीक चीर गेली होती.

"ताई, हे दोन वेगवेगळे मार आहेत," तात्या म्हणाले. "कॉइल जास्त करंटने गेली. चीर बेसने गेली."

बेसचं कारण त्यांनी असं सांगितलं. भोंग्याची लांबी आणि तोंड जेवढं, तेवढ्याच आवाजाला तो धरून ठेवतो. एवढ्याशा भोंग्याला साधारण ४०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या पट्टीचं माप, आकडा लहान तितका आवाज खर्जातला) खालचा आवाज धरवत नाही. तो आवाज दिला तर चकतीसमोर हवेचा भार उरत नाही, ती मोकळी हेलकावे खाते आणि फाटते. म्हणजे बेस वाढवून मी आवाजात काहीच भर घालत नव्हते, फक्त चकती हाणत होते.

करंटचं कारण मागच्या स्क्रूंवर होतं. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे COM (सगळ्यांचा सामायिक स्क्रू) नंतर ४, ८, १६ ओहम (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) आणि १०० व्होल्ट अशा खुणा होत्या. आमच्या युनिटवर लिहिलं होतं १६ ओहम. दुकानदाराने तार जोडली होती १०० व्होल्टला. ती जागा लांबच्या तारांसाठी असते, जिथे एका तारेवर अनेक भोंगे आणि प्रत्येक भोंग्याला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो. ३० वॅटच्या ॲम्प्लिफायरला तिथे ३३३ ओहमचा भार अपेक्षित असतो. आम्ही लावला होता १६ चा. ॲम्प्लिफायर तापला आणि फरफरला तो त्यामुळे.

नियम सोपा आहे. युनिटवर जो आकडा, त्याच आकड्याच्या स्क्रूला तार. शंका असेल तर भोंग्यापेक्षा लहान आकड्याचा स्क्रू निवडा, आवाज थोडा कमी येईल पण काही जळणार नाही. उलट कधीच नको.

नवी चकती १८० रुपयांना मिळाली. तात्यांनी मजुरी घेतली नाही, दोन पाकिटं खारी घेतली.

बॅटरीचंही त्यांनीच सोडवलं. आमच्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, ३ अँपिअर-तास (बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप), तीही जुनी. अप्पा प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद करतात, म्हणजे भोंगा वाजतो तेव्हा चार्जिंग नसतंच. तात्या म्हणाले, गाडीच्या वायरिंगला हातच लावू नका. इन्व्हर्टरवाल्याकडून १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी आणली, ९५० रुपये. चार्जर ४५० रुपये. वजन दोन किलोच्या आसपास, डाव्या डब्याच्या तळाशी बसली. आमच्या आवाजाला सरासरी अर्धा-पाऊण अँपिअर लागतो. चार तासांत तीन अँपिअर-तास धरले तरी बॅटरी अर्धीसुद्धा उतरत नाही, आणि अशा बॅटरीला अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणजे ती टिकते. घरी आल्यावर चार्जिंगला लावायची. वेगळी बॅटरी लावताच ती "कुंईऽऽ" शिट्टीही गेली, कारण ती गाडीच्या चार्जिंगमधून येत होती. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर ५ अँपिअरचा फ्यूज घाला. डब्यात पाव आहे, शेजारी बॅटरी आहे, तार घासून उघडी पडली तर तो दहा रुपयांचा फ्यूजच वाचवेल.

अप्पांचाच आवाज

आईचं "भंगारवाला" माझ्या डोक्यातून जात नव्हतं. दुकानात तयार आवाजाच्या फायली मिळतात, "आईये आईये" छापाच्या. अप्पांनी मान हलवली, ठाम. वाडीतली माणसं २२ वर्षं ज्या हाकेला बाहेर येतात तीच हाक हवी.

१८ जानेवारीला तपासणी होती. डॉक्टरांना विचारलं, रेकॉर्डिंगला बोलू दे का? ते म्हणाले, बोलण्याच्या आवाजात, ओरडायचं नाही, दहा मिनिटं. ओरडायची गरजही नव्हती. ओरडणं हे ॲम्प्लिफायरचं काम.

माजघरात दोरीवर तीन गोधड्या टाकल्या, अप्पा मध्ये स्टुलावर, मी फोन त्यांच्या तोंडापासून वीतभर पण थोडा कडेला धरला, म्हणजे "प" आणि "ख" म्हणताना हवेचा फटका माइकवर बसत नाही. आवाज घोगरा होता, शेवटी फाटत होता. तिसऱ्या वेळी नीट आला. १२ सेकंद. "खारी बटर, टोस्ट पाव. ताजा पाव घ्याऽ." मग मी पुढे २० सेकंदांची शांतता जोडली. सलग वाजणारा भोंगा माणसं ऐकत नाहीत, सहन करतात.

पुण्यात लॅपटॉपवर ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. भीती वाटत होती की आवाज पातळ होऊन अप्पांचा राहणार नाही. पण जुना लँडलाइन फोन ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढंच पोचवायचा, आणि त्यावर "हॅलो" म्हटलं तरी आपण माणूस ओळखायचो. शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि "ख", "ट", "स" ही व्यंजनं वरच्या पट्टीत राहतात. खालची घूं-घूं वाढली की तीच झाकली जातात, "खारी"ची "आरी" होते आणि "टोस्ट"चा नुसता "ओऽऽ" उरतो. आमच्या पहिल्या चाचणीत हेच झालं होतं.

बटणं

२ फेब्रुवारीला पुन्हा पडीक रानात. या वेळी तात्यांनी सांगितलेल्या क्रमाने.

एको शून्य. स्वस्त ॲम्प्लिफायरवर हे बटण हमखास असतं आणि दुकानात तेच फिरवून दाखवतात. बोलण्यासाठी ते कधीच नको. बेस पूर्ण डावीकडे. ट्रेबल मधोमध, मग कान देऊन किंचित उजवीकडे. माइकचं बटण बंद, नाहीतर रिकाम्या माइकची सूं-सूं आत येते. पेनड्राइव्हच्या प्लेअरचा आवाज ३० पैकी २४ वर कायमचा ठेवला आणि पुढचं सगळं एकाच मोठ्या व्हॉल्यूमच्या बटणावर.

ते बटण कुठे थांबवायचं, यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि मला वाटतं बहुतेक लोक हीच पायरी सोडतात. आपण आवाज "पुरेसा वाटेपर्यंत" वाढवतो. पण भोंग्यामागे उभ्या माणसाला तो कधीच पुरेसा वाटत नाही, आणि समोरच्या घरातल्या बाळाला फार आधीच जास्त झालेला असतो.

भोंग्याच्या खोक्यावर लिहिलं होतं: एक वॅटला एक मीटरवर १०५ डेसिबल. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे २ मीटरवर ९९, चारवर ९३, आठवर ८७, सोळावर ८१, बत्तीसवर ७५, चौसष्टवर ६९. हे एका वॅटला. ३० वॅट लावले तर जेमतेम १५ डेसिबल वाढतात, कारण वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल मिळतात. आता नियम बघा. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर त्याहून १० पर्यंतच जास्त चालतं, म्हणजे ६५. एक वॅटसुद्धा आम्हाला जास्त होता.

म्हणून पाव वॅट. त्याने प्रत्येक आकडा ६ ने उतरतो. त्यात माणसाचं बोलणं सलग सुरासारखं नसतं, त्याची सरासरी शिखरापेक्षा दहा-बारा डेसिबलने खालीच असते. सोळा मीटरवर सरासरी ६३-६५ च्या घरात. पहाटेच्या वाडीत कोंबडे आणि हंड्यांचा आवाज सोडला तर काही नसतं, तिथे एवढं साठ मीटरवरही ऐकू जातं.

पाव वॅट मोजायचा कसा? २५० रुपयांच्या मल्टीमीटरने (व्होल्ट वगैरे मोजायचं छोटं यंत्र). व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट. १६ ओहमला २ व्होल्ट, म्हणजे ४ भागिले १६, पाव वॅट. पेनड्राइव्हवर ४०० हर्ट्झचा एकसारखा सूर घातला, त्याची उंची अप्पांच्या रेकॉर्डिंगच्या शिखराएवढी ठेवली. (४०० च का, तर आमच्या मल्टीमीटरच्या कागदावर लिहिलं होतं की एसी मोजमाप ४०० हर्ट्झपर्यंतच.) मोजताना बेस-ट्रेबल मधोमध, भोंग्याची तार काढलेली, मल्टीमीटर एसी व्होल्टवर, एक टोक COM ला, दुसरं १६ ला. बटण हळूहळू फिरवलं. पहिल्या चतकोरातच २.०० दिसलं. मग भोंगा परत जोडला, बेस-ट्रेबल जागेवर आणले.

आईला मी रानाच्या पलीकडच्या बांधावर उभं केलं, साधारण ६० मीटर. ऐकू आलं तर हात वर कर, म्हणाले. अप्पांची हाक वाजली. हात वर गेला नाही. आई तशीच चालत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "अगं, हे आपलंच माणूस बोलतंय." अप्पा गाडीजवळ उभे होते. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

घरी येताना मी त्यांना आकडा सांगितला, पाव वॅट. त्यांनी पाटीवर लिहिलं, "पावाला पाव."

त्याच रात्री माझ्या लाल नेलपॉलिशने प्रत्येक बटणाच्या खुणेवर ठिपका दिला. डब्याला धक्का लागून बटण फिरलं तरी अप्पांना काही आठवावं लागत नाही, ठिपक्यासमोर ठिपका आणायचा.

भोंग्याचं तोंड

हे खरं तर आधी ठरवायला हवं होतं. दुकानदाराने भोंगा हँडलवर पुढे बसवायला सांगितलं होतं. तिथे तो अप्पांच्या कानापासून दोन फुटांवर येतो. कानांसाठी धरलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास आहे आणि प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. घसा वाचवायला निघालो आणि कान घालवले असते. आता भोंगा मागच्या कॅरिअरवर आहे, तोंड मागे आणि किंचित डावीकडे. अप्पा वाडीत शिरून गाडी वळवतात, म्हणजे भोंग्याचं तोंड रस्त्याच्या लांबीकडे राहतं, कुणाच्या खिडकीत नाही. गाडी चालवताना भोंगा बंदच. वाऱ्यात आणि इंजिनच्या आवाजात शब्द कळत नाहीत, लोक मात्र दचकतात.

पहिले दिवस

४ फेब्रुवारीला पहिली फेरी, मी मागे स्कूटीवर. सहा बत्तीसला पहिल्या वाडीत अप्पांनी स्विच दाबला आणि भोंग्यातून एका बाईचा इंग्रजी आवाज सगळ्या वाडीवर घुमला, ब्लूटूथ जोडायला तयार आहे म्हणून. घरी चाचणीत पेनड्राइव्ह आधीच लावलेला असायचा, त्या दिवशी अप्पांनी नंतर लावला. या सूचनेचा आवाज रेकॉर्डिंगपेक्षा बराच मोठा असतो आणि प्लेअरच्या बटणाने कमी होत नाही. एका घरातून आजोबा घाबरून बाहेर आले. अप्पांनी हात जोडले. तेव्हापासून क्रम पक्का केला आहे: आधी पेनड्राइव्ह, मग मोठं व्हॉल्यूम शून्यावर, मग स्विच, मग ठिपका.

चौथी वाडी डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथे हाक कड्यावर आपटून सेकंदाभराने परत यायची, आणि दुसरा शब्द पहिल्याच्या प्रतिध्वनीत बुडायचा. मी आवाज वाढवायला सांगणार होते. अप्पांनी काही न बोलता गाडी ओढ्याकडे वळवली, कड्याकडे भोंग्याची पाठ केली. शब्द स्वच्छ झाले. ती वाडी त्यांना २२ वर्षं माहीत आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेजवळच्या वस्तीवर भोंगा लावता येत नाही, परवानगीतच तसं आहे. तिथे ते थांबतात आणि डब्याच्या झाकणावर चमच्याने दोनदा वाजवतात.

फेब्रुवारीअखेर विक्री बाराशेवर आली, मार्चमध्ये पूर्ववत. सगळ्याचा खर्च ६,८८० रुपये झाला. त्यात तार, फ्यूज, क्लॅम्पचे ३२० आणि पेनड्राइव्हचे २८० धरले आहेत. झेरॉक्स आणि हेलपाट्यांचं पेट्रोल वेगळं. मार्चच्या तपासणीत गाठी लहान झालेल्या दिसल्या, शस्त्रक्रियेची गरज सध्या नाही. अप्पा आता घरात हळू आवाजात बोलतात. फोनवर मला "जेवलीस का" विचारतात, तेवढं बोलून फोन आईकडे देतात.

परवानगीचं दोनदा नूतनीकरण झालं. मुदत संपायच्या पाच-सहा दिवस आधी अर्ज द्यावा, जुन्या परवानगीची प्रत जोडावी. दुसऱ्या वेळी हवालदारांनीच विचारलं, "वडिलांचा घसा कसा आहे?"

गेल्या आठवड्यात शेवटच्या वस्तीवरच्या वहिनींनी अप्पांना सांगितलं की घरात पंधरा दिवसांचं बाळ आहे, सकाळी नुकतं झोपतं. चारच घरं आहेत तिथे. अप्पा आता तिथे भोंगा लावतच नाहीत, उतारावर इंजिनही बंद करून गाडी तशीच खाली सोडतात आणि आंब्याखाली उभी करून डब्याचं झाकण उघडतात. वहिनी पातेलं घेऊन उंबऱ्यात आधीच उभ्या असतात.